घरच्या सुतारखोलीत धूळ ओढायची सोय : कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज नुसतं मोजमाप. खोली १० बाय १६ फूट, छत १० फूट. दार पुढे, खिडकी बाजूला, मागची भिंत परसात. मशीन अशी : १० इंची टेबल सॉ (२ एचपी), १२ इंची थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं), मायटर सॉ (फळी आडवी किंवा कोनात कापणारी), राउटर टेबल, छोटी लेथ आणि हातातला गोल सँडर. लाकूड बहुतेक जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान, कधी शिसव, गिऱ्हाइकाच्या कामाला प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचा लगदा चिकट्यानं दाबून केलेली फळी).

टेबलावर हवेतली अति बारीक धूळ (पीएम २.५) मोजणारा स्वस्तातला लेझर सेन्सर ठेवला. काम सुरू नसताना ३५-४० (घनमीटरला मायक्रोग्रॅम) दाखवतो. एमडीएफच्या चार पट्ट्या फाडल्या आणि आकडा ६००च्या पुढे गेला. करवत बंद करून चहा पिऊन आलो तरी २०० च्या खाली नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची बाहेरच्या हवेची २४ तासांची मर्यादा ६० आहे. हा सेन्सर लाकडाच्या धुळीसाठी बनवलेला नाही, त्यामुळे त्याचे आकडे शपथेवर सांगण्यासारखे नाहीत. आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला मात्र पुरेसा.

जमिनीवर पडलेला भुसा झाडूनं जातो, त्याची फारशी काळजी नाही. १० मायक्रॉनच्या आतली धूळ तासन् तास तरंगते आणि थेट छातीत जाते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, यावरून अंदाज यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात असं सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. एमडीएफच्या चिकट्यात फॉर्मल्डिहाइड असतं, तेही त्याच गटात. आमचे मिस्त्री मात्र अजून तोंडाला गमछा बांधूनच सँडिंग करतात.

वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं : धूळ जिथे उडते तिथेच पकडायची. ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) केवढा घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

१६ फेब्रुवारी

ब्लोअरचा हिशोब. परदेशी व्हिडिओंत सगळे सांगतात, १२ इंची इम्पेलर (ब्लोअरच्या आतलं फिरणारं चाक) घ्या. त्यांच्याकडे वीज ६० हर्ट्झची, मोटर मिनिटाला ३४५० फेरे मारते. आपली ५० हर्ट्झ, मोटर २८५० ची. तोच इम्पेलर इथे लावला तर हवा १७ टक्क्यांनी कमी मिळते. ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ती ३० टक्क्यांहून जास्त घटते. मशीनवरचा आकडा आणि प्रत्यक्षातली ओढ जुळत नाही अशी तक्रार आपल्याकडे कायम ऐकू येते. त्यातली निम्मी इथेच सुटावी.

मी १३ इंची ठरवला. २ एचपी, सिंगल फेज, दोन पोलची (म्हणजे २८५० फेऱ्यांची) मोटर. १४ इंचीही चालला असता, पण मोटरवर भार किती येईल याची खात्री वाटेना.

पाईपात भुसा तरंगत राहायचा तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर हवा असं पुस्तकं म्हणतात. ११० मिमीच्या पाईपाचा आतला व्यास १०५ च्या आसपास. त्यातून २० मीटरच्या वेगानं ताशी ६२० घनमीटर हवा जाते. माझ्या खोलीत मावते ४५ घनमीटर. एवढ्या छोट्या खोलीत एका वेळी एकच मशीन चालतं, हे त्यातल्या त्यात बरं. फाट्यांवरची दोन गेटं (हवा अडवणाऱ्या सरकत्या पट्ट्या) उघडी राहिली की वेग निम्म्यावर येतो आणि भुसा आडव्या पाईपात बसतो.

२ मार्च

सायक्लोन करून घ्यायला उद्यमनगरात जाऊन आलो. सायक्लोन म्हणजे ब्लोअरच्या आधी बसणारा पत्र्याचा शंकू : हवा आत गोल फिरते, भुसा भिंतीलगत घसरत खाली पिंपात पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर जाते. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा. फौंड्रीवाल्यांच्या गावात इम्पेलर बनवून, बॅलन्स करून देणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. फॅब्रिकेटरनं नकाशा उलटा धरूनच विचारलं, "हे काय, पिठाच्या गिरणीचं हाय व्हय?" म्हटलं, तसंच समजा. गिरणीवर आणि गुऱ्हाळाच्या बाजूला असले शंकू त्यानं बरेच बनवलेत, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही.

सायक्लोनची मापं स्टेअरमंड या अभियंत्याच्या १९५१ च्या प्रमाणांवरून काढली. सगळं व्यासाच्या पटीत येतं, म्हणून सोपं. व्यास ३५० मिमी धरला. वरचा दंडगोल दीडपट म्हणजे ५२५, शंकू अडीचपट म्हणजे ८७५. हवा आत येण्याचं चौकोनी तोंड १७५ बाय ७०, बाहेर जाणारी मधली नळी १७५ व्यासाची. एकूण उंची १४०० मिमी. खाली पिंप ठेवून, वर ब्लोअर टांगून छताला फूटभर जागा उरते. ३०० व्यासाचा केला असता तर धूळ आणखी बारीक पकडली असती, पण त्यानं ब्लोअरची निम्मीअधिक ओढ एकट्यानं खाल्ली असती. ४०० चा केला तर ओढ वाचते, पण आतला वेग मंदावतो. ३५० ही तडजोड.

पत्रा १८ गेजचा जीआय. आतला जोड गुळगुळीत हवा, एवढं मात्र बजावून सांगितलं. आतल्या कडेला वेल्डिंगचा मणी राहिला की भिंतीलगत घसरत येणारी धूळ तिथून उडी मारते.

९ मार्च

पाईप बसवले. भिंतीलगत, कमरेच्या वर, एकच मुख्य लाईन.

ड्रेनेजचे एसडब्ल्यूआर पाईप घेतले. जाड भिंतीचा बी प्रकार जरा महाग पडतो, पण ओढीनं चेपत नाही. रबर रिंगचे जोड घेतले. सोल्युशन लावून चिकटवलं की तुंबल्यावर करवत घ्यावी लागते. रिंग असली की ओढून काढता येतं. प्लंबर ज्या दिशेनं बसवतो त्याच दिशेनं बसवले, पाणी ब्लोअरकडे वाहतंय असं धरून. मग जोडाची कड भुशाला आडवी येत नाही.

काटकोनी टी कुठेच नाही. फाट्याला वाय (तिरका फाटा असलेला जोड), वळणाला ४५ अंशाचे दोन बेंड आणि मध्ये फूटभर सरळ तुकडा. दुकानदार म्हणाला, "टी स्वस्त पडंल की." पडेल. पण टीमध्ये समोरून आलेली हवा भिंतीवर आपटून वळते आणि ओल्या लाकडाचा कीस नेमका तिथंच गुंता करतो.

खरी डोकेदुखी जोडाची. लवचीक होज चार इंची, आतून १०२ मिमी. पाईप बाहेरून ११०. होज पाईपावर चढत नाही, आत घातला तर ढिला. शेवटी फॅब्रिकेटरकडून १०० मिमीचे पत्र्याचे गळे करून घेतले. एका टोकाला होज चढवून क्लिप आवळायची, दुसऱ्या टोकाला फोमची पट्टी गुंडाळून ते पाईपात घुसवायचं.

गेटं घरीच केली. १२ मिमी प्लायच्या दोन तुकड्यांत सरकणारी ६ मिमीची ॲक्रिलिक पट्टी. पट्टीची खाच दोन्हीकडून आरपार ठेवली. बंद खाचेच्या कोपऱ्यात भुसा साठतो आणि महिन्याभरात गेट पूर्ण मिटेनासं होतं. आरपार असली की पट्टी सरकवताना तो बाहेर ढकलला जातो.

१६ मार्च

वायरिंग. टेबल सॉ आणि ब्लोअर दोन्ही २ एचपीचे, चालू असताना प्रत्येकी साधारण १० अँपिअर घेतात, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. एका १६ अँपिअरच्या लाईनवर दोन्ही चालणं शक्य नाही. वायरमननं मीटरपासून ब्लोअरसाठी वेगळी लाईन ओढली, सी प्रकारची एमसीबी टाकली, आणि स्टार्टर ओव्हरलोड रिलेसकट बसवला. स्टार्टरचा आणखी एक फायदा : वीज जाऊन परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही.

२३ मार्च

पहिल्यांदा चालवला. मोटर सुरात आहे, केसिंगला हात लावला तर थरथर जाणवत नाही.

मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घेतली. यू आकारात फळीवर ठोकली, पाण्यात नीळ टाकली म्हणजे पातळीची रेघ दिसते. एक टोक पाईपाला पाडलेल्या भोकात, दुसरं मोकळं. सगळी गेटं मिटल्यावर फरक १७५ मिमी. हिशोबाच्या आसपास.

मग वेग. फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून पाव इंची तांब्याची नळी आणली, काटकोनात वाकवली आणि तोंड वाऱ्याकडे करून पाईपाच्या मधोमध ठेवली. तिचं टोक यूच्या एका बाजूला, पाईपाच्या भिंतीतलं भोक दुसऱ्या बाजूला. आपल्याकडच्या उंचीवर आणि उष्म्यात सेकंदाला २० मीटर वेगाला जवळपास २३ मिमी फरक यायला हवा. आला १३. म्हणजे १५ मीटर. पाईपाच्या कडेला हवा आणखी मंद, सरासरी त्याहून दहाएक टक्क्यांनी कमी.

टेबल सॉला लावलेला होज तीन मीटरचा होता. आतून वळ्यावळ्यांचा होज त्याच लांबीच्या गुळगुळीत पाईपाच्या तिप्पट अडवतो. कापून एक मीटर ठेवला, सॉ थोडी सरकवली. २० मिमी. म्हणजे १९ मीटरच्या जवळ. नवी मोटर नाही, नवा इम्पेलर नाही, दोन मीटर होज कमी केला फक्त. सायक्लोन एकटा ५० मिमी खातो, तेवढं अपेक्षितच होतं.

गळती शोधायला उदबत्ती. पिंप रिकामं, पाईपातून अजून भुसा गेलेला नव्हता, म्हणून हे चाललं. भरल्या पाईपापाशी निखारा नेऊ नये. प्रत्येक जोडाशी धूर नेला, दोन ठिकाणी तो आत वळला. पिंपाच्या झाकणाशी तर चक्क खेचला गेला. सायक्लोनमध्ये सगळ्यात महाग पडणारी गळती हीच. खालून हवा शिरली की पडलेली धूळ तीच परत वर उचलते. झाकणाला दाराची रबरी पट्टी लावून चार चिमटे बसवले. पिंप पत्र्याचंच हवं. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर या ओढीनं २५-३० किलोचा भार येतो. प्लास्टिकचं पिंप पोटात घेतं.

६ एप्रिल

गेले दोन आठवडे फक्त मशीनच्या तोंडांवर. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि जायलाच हवा होता.

टेबल सॉ खालून पूर्ण बंद केली तर उलट ओढ कमी झाली. हवा बाहेर जायची तर कुठून तरी आत यायला हवी. मागे हाताच्या पंजाएवढी जागा उघडी ठेवली, मग पेटी साफ राहू लागली. तरी एमडीएफ फाडताना सेन्सर उसळतोच, कारण पात्याचे दात बारीक धूळ टेबलाच्या वरून, आपल्याकडे फेकतात. पात्यावर पॉलिकार्बोनेटचा टोप केला आणि त्याला वरून अडीच इंची होज दिला. खालचं आणि वरचं मिळून आता ६०० चा आकडा ९० वर आला. नुसतं खालचं जोडलं होतं तेव्हा ३५० होता. ब्लोअर तोच.

थिकनेसरला टोप कंपनीचाच आहे. तो भरपूर कीस काढतो, पण कीस जाडा, त्यामुळे सेन्सरला फारसं कळतही नाही. दिसायला सगळ्यात घाण, छातीला सगळ्यात कमी त्रास.

मायटर सॉचं काही खरं नाही. तिच्या मागच्या छोट्या नळकांडीतून निम्माही भुसा जात नाही. मागे प्लायचा मोठा कोनाडा केला, तीन बाजूंनी बंद, तळाला उतार आणि मागे चार इंची तोंड. भुसा बहुतेक येतो, बारीक धूळ अजून निसटते. सॉचा हात डावी-उजवीकडे फिरतो तोवर याहून जास्त अपेक्षा नाही.

सँडर ब्लोअरला जोडला नाही. त्याचं तोंड ३५ मिमी. ब्लोअर हवा खूप हलवतो पण जोर कमी, अरुंद नळीतून त्याला खेचता येत नाही. व्हॅक्युम क्लीनरचं नेमकं उलटं, हवा थोडी पण जोर जबर. म्हणून सँडरला व्हॅक्युम क्लीनर आणि जाळीचा पॉलिश पेपर. मध्ये बादलीवर बसवलेला छोटा सायक्लोन, नाहीतर क्लीनरचा फिल्टर लगेच बसतो. सगळ्यात बारीक धूळ सँडिंगची, आणि ती पकडणंच सगळ्यात सोपं निघालं, कारण तोंड कामाला चिकटलेलं असतं.

१३ एप्रिल

आतापर्यंत ब्लोअरच्या तोंडाला कापडी पिशवी होती. तिच्यातून काय निसटतं ते बघायला सेन्सर तिच्याखाली ठेवला. आकडा टेबल सॉजवळच्यापेक्षा जास्त. म्हणजे पिशवी भुसा धरते आणि बारीक धूळ खोलीभर पसरवते. ३० मायक्रॉनच्या पिशवीकडून दुसरी अपेक्षा कशाला?

थंड देशांत पिशवी किंवा फिल्टर लावावाच लागतो, कारण बाहेर सोडली की तापवलेली हवा जाते. आपल्याला कुठे हीटर लावायचाय? मागच्या भिंतीला १६० मिमीचं भोक पाडलं आणि हवा थेट परसात सोडली. खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे तिकडून ताजी हवा आत येते. ताशी साडेपाचशे घनमीटर धरले तरी खोलीतली हवा पाचेक मिनिटांत एकदा बदलते. काम संपल्यावर ब्लोअर दहा मिनिटं चालू ठेवला की सेन्सर बाहेरच्या आकड्यावर येतो. इतका सोपा उपाय आणि त्यावर इतकं कमी बोललं जातं.

२० एप्रिल

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली. "दादा, जरा इकडं बघा. कुरडयांवर हे काय पडलंय?"

गच्चीवर वाळवण. कुरडया, सांडगे, एका साडीवर साबुदाण्याच्या पापड्या. कुरडयांवर पिवळट पीठ, बोटानं पुसलं जाईल इतकंच, पण सागाचं. पिंप अर्धंही भरलं नव्हतं. सायक्लोन कितीही चांगला असला तरी काही मायक्रॉनच्या खालची धूळ वरच्या नळीतून जाणारच. वारा तिकडे असला की ती तिकडे. काकूंना म्हटलं, वाळवण उतरेपर्यंत बाहेर सोडत नाही.

४ मे

ट्रकचा एअर फिल्टर. दुकानात जुन्या सहा लिटरच्या टर्बो इंजिनाचा मागितला. हिशोब असा : चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. मिनिटाला २००० फेऱ्यांना सहा लिटर म्हणजे ताशी ३६० घनमीटर, टर्बोनं दाबलं की त्याच्या दीड-दोन पट. माझी गरज साडेपाचशेची. जमलं.

फिल्टर बाहेरून आत हवा घ्यायला बनवलेला असतो. ब्लोअर सरळ त्याच्या पोटात फुंकला तर धूळ आतल्या घड्यांत बसते आणि निघत नाही. म्हणून फिल्टर प्लायच्या पेटीत उभा केला. हवा पेटीत सोडायची, फिल्टरमधून आत शिरून वरच्या तोंडातून ती खोलीत येते. धूळ बाहेरच्या बाजूला राहते, आतून कॉम्प्रेसरची हवा मारली की पेटीतच पडते. पेटीवरही निळीच्या पाण्याची छोटी नळी लावली. फरक ४० मिमीवर गेला की साफसफाई.

ब्लोअरनंतर पत्र्याचा पडदा बसवला, एक खटका : हवा फिल्टरकडे किंवा परसात. वाळवण असेल तर फिल्टर.

१८ मे

वाड्याच्या तुळयांतले खिळे. मॅग्नेट फिरवून, चिमट्यानं काढूनही एखादं तुटकं टोक राहतंच. लोखंडी इम्पेलरवर खिळा आपटला की ठिणगी, आणि पुढे कागदाचा फिल्टर. सायक्लोन ब्लोअरच्या आधी असल्यानं खिळा खाली पिंपात पडतो, इम्पेलरपर्यंत पोचत नाही. ही मांडणी धुळीसाठी केली होती, आगीसाठीही तीच बरी. तरी पिंप रोज संध्याकाळी रिकामं करतो, भुसा रात्रभर खोलीत ठेवत नाही. पाईपाभोवती तांब्याची उघडी तार गुंडाळून अर्थ केली. प्लास्टिक काही अर्थ होत नाही, पण हाताला बसणारा चटका गेला.

मास्क तसाच चालू. शिसव कापताना तर नक्कीच. तिच्या धुळीनं मनगटावर पुरळ येतं, सागानंही काहींना येतं. धूळ ओढायची सोय असली म्हणून मास्क सुटत नाही.

१ जून

यंदा पाऊस मेमध्येच आला. फिल्टरचा कागद दमट झाला, निळी रेघ दोन दिवसांत ४० च्या वर. खटका परसाकडे फिरवला. काकूंच्या गच्चीवर आता ताडपत्री, वाळवण डब्यात गेलं. बाहेरच्या तोंडावर पत्र्याची झापड लावली, ब्लोअर बंद असला की ती पडते आणि पाऊस आत येत नाही.

२० जुलै

दमट भुसा जड असतो. आडव्या लाईनच्या शेवटच्या तुकड्यात तो बसतोय असा संशय होता. नारळ वाजवून बघतात तसा पाईप बोटांच्या पेरांनी वाजवत गेलो. थिकनेसरच्या वायनंतर आवाज बद्द. रिंगचा जोड ओढून काढला, तळाला दोन बोटं भुसा. तिथे पाईप जरासा झोला खात होता. आधाराची पट्टी वाढवली, आणि पावसाळ्यात थिकनेसरवर एका वेळी अर्धा मिमीपेक्षा जास्त खायचं नाही असं ठरवलं.

पिंपाच्या बाजूला काचेची खिडकी हवी. पिंप भरून शंकूत भुसा चढला की सायक्लोन काहीच धरत नाही, सगळं बाहेर जातं, आणि ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

लेथ अजून उघडी आहे. तिच्यावर भुसा कुठल्या दिशेला उडेल ते हत्याराच्या कोनावर, त्यामुळे एका जागी टोप ठेवून भागणार नाही. वाकणाऱ्या दांड्यावर रुंद तोंड बसवून बघायचंय. गणपतीच्या मखराची ऑर्डर आहे, सगळं प्लायचं काम, ते २७ ऑगस्टच्या आत. लेथचं त्यानंतर. खिडकीची काच या आठवड्यात.